तिसऱ्या चढाईची तयारी: महाविद्यालयीन कबड्डी संघासाठी

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांपर्यंत चालतो, पण त्याचा निकाल मोजक्या प्रसंगांत लागतो, आणि ते प्रसंग कोणते हे नियमांमुळे आधीच ठाऊक असते. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई, तीन किंवा कमी गडी उरले असताना करायची पकड, समोरचा शेवटचा गडी टिपून लोण चढवण्याची संधी, थोड्या गुणांची आघाडी घेऊन काढायची शेवटची मिनिटे आणि बरोबरीनंतरच्या पाच-पाच चढाया. यांतला निदान एखाददुसरा प्रसंग प्रत्येक सामन्यात येतोच. तरीही बहुतेक महाविद्यालयांचा सराव मैदानाला फेऱ्या, दंड-बैठका, पकडींची घोटणी आणि शेवटी सात-सात गड्यांचा सामना असा ठरीव असतो. त्या सामन्यात तीन गड्यांवर पकड करायची वेळ कधी आली तर आली, नाही तर नाही. मग स्पर्धेत ती येते तेव्हा खेळाडू तिला पहिल्यांदाच सामोरा जातो.

माण तालुक्यातल्या म्हसवडसारख्या ठिकाणच्या संघाला हे अधिक जाचते. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली आधी विभागीय आणि मग आंतरविभागीय स्पर्धा खेळतात. बाद पद्धतीत एक सामना हरला की त्या वर्षीचा हंगाम संपला. चुका सुधारायला दुसरा सामना मिळत नाही, म्हणून त्या घरच्या मैदानावरच करून घ्याव्या लागतात.

हरल्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारे कारण म्हणजे ‘शेवटी दम कमी पडला’. माण तालुक्यात हे कारण फारसे पटण्यासारखे नाही. ललिता बाबर याच तालुक्यातल्या मोहीच्या. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी त्यांनी गाठली होती. धूळदेव, देवापूर, विरकरवाडीकडून येणाऱ्या मुलामुलींना चालण्याधावण्याची सवय असते. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचे गुण जातात तेव्हा बहुतेक वेळा चढाई कोणी करायची, कधी परतायचे आणि पकडीला कोणी आधी जायचे हे ठरलेले नसते. दम वाढवायला महिने लागतात. हे ठरवायला एक संध्याकाळ पुरते, अंगी मुरवायला तीन-चार आठवडे.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हा विचार फार पूर्वी रुजला. तिथे चेंडू चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. त्यामुळे तिसरा प्रयत्न, गोलरेषेजवळची शेवटची वीस यार्डे आणि सामन्याची शेवटची दोन मिनिटे यांचा सराव वेगळा वेळ काढून घेतला जातो. कबड्डीत तिसऱ्या चढाईचा नियम आला तेव्हा तोच ताण आपल्या मैदानावर आला; सरावाची पद्धत मात्र अनेक ठिकाणी जुनीच राहिली.

गड्यांची संख्या

प्रसंग ओळखण्याची पहिली खूण म्हणजे समोर किती गडी आहेत. सहा किंवा सात गडी असतील तर चढाईपटूला बोनस गुण खुला असतो. पाच झाले की बोनस बंद. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जास्तीचा मिळतो. मराठी वार्तांकनात ही अव्वल पकड, मैदानावर सुपर टॅकल. म्हणजे सात ते एक या उतरंडीत नियम दोन ठिकाणी बदलतो: सहावरून पाचवर येताना आणि चारवरून तीनवर येताना.

मधले चार-पाच गड्यांचे टप्पे दुर्लक्षित राहतात. चार गडी असलेल्या संघाला ना साखळी नीट लावता येते, ना अव्वल पकडीचा जास्तीचा गुण मिळतो. त्याच्या बाजूने एकच गोष्ट असते, ती म्हणजे समोरच्याला बोनस मिळत नाही, स्पर्श करावाच लागतो. म्हणून चार गड्यांनी पुढे धावून पकड करण्यापेक्षा खोल राहून चढाई रिकामी घालवणे बहुधा किफायतशीर ठरते. तीन गडी झाले की हिशोब उलटतो आणि पकड करायला जाणे परवडते. पुष्कळ संघ नेमके उलट वागतात. चारवर घाबरून पकडीला जातात आणि तीनवर अंग चोरतात.

पुरुषांचे मैदान 13 बाय 10 मीटर आणि महिलांचे 12 बाय 8 मीटर. दोन्हींत दोन्ही बाजूंना एकेक मीटरची लॉबी असते आणि झटापट किंवा स्पर्श होईपर्यंत ती खेळात धरली जात नाही. त्यामुळे पुरुषांना प्रत्यक्षात आठ मीटर रुंदी राखायची असते, महिलांना सहा. तीन पुरुष गडी उरले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मीटरहून जास्त रुंदी येते, तीन मुलींना दोन मीटर. मुलींच्या संघाने अव्वल पकडीवर मुलांपेक्षा जास्त भर द्यावा, याला हे भूमितीचे कारण आहे. दोघींमधले अंतर कमी असल्याने दुसरीची मदत वेळेत पोहोचते.

प्रत्येक चढाईपूर्वी कर्णधाराने समोरच्यांची संख्या मोठ्याने म्हणावी. ऐकायला ही बाब क्षुल्लक वाटते, पण ‘पाच, बोनस नाही’ हे तीन शब्द वेळेवर कानावर पडले नाहीत तर नवा चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकून बसतो आणि हाती काही लागत नाही.

तिसरी चढाई

एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया गुणाविना संपल्या की त्याची पुढची चढाई निर्वाणीची होते. तीत गुण आला नाही तर चढाईपटू बाद होतो आणि समोरच्यांना एक गुण मिळतो. खेळाडू तिला ‘डू ऑर डाय’ म्हणतात. रिकाम्या चढाया संघाच्या नावावर मोजल्या जातात, एका खेळाडूच्या नाही, हे सर्वांत आधी पक्के करावे. तिसऱ्या चढाईला कोण जाणार हे निवडण्याचा हक्क संघाकडे असतो आणि बहुतेक संघ तो वापरतच नाहीत. ज्याची पाळी तो जातो. त्याहून वाईट म्हणजे मुख्य चढाईपटूच पहिल्या दोन चढाया जपून करतो आणि तिसरीला दमलेल्या छातीने जातो.

निवड पहिल्या चढाईआधी व्हायला हवी. संघात किमान तीन चढाईपटू तयार असावेत आणि त्यांच्यात कामाची वाटणी असावी. समोर सहा-सात गडी असतील तर ज्याचा पाय लांब पडतो आणि एका पायावर तोल टिकतो त्याला पाठवावे. बोनससाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच वेळी दुसरा हवेत असावा लागतो. मिळालेला बोनस हा गुणच आहे आणि तो तिसऱ्या चढाईतून वाचवतो. पाच किंवा कमी गडी असतील तर स्पर्शात वाकबगार असलेला हवा: धावता हात मारणारा, पायाच्या अंगठ्याने टिपणारा किंवा वळता वळता मागे लाथ मारणारा. तिसरा चढाईपटू दोन रिकाम्या चढाया सुखरूप करण्यासाठी. निदान रेषा ओलांडून, कोणाच्या हाती न सापडता परत येणे हे त्याचे काम. ते कमी प्रतीचे मानले जाते, पण संघाला त्याची गरज रोज पडते.

तीस सेकंदांची वाटणी तिसऱ्या चढाईत वेगळी असते. एरवी निदान रेषा पार करून पंधरा-वीस सेकंदांत परतले तरी चालते. इथे पहिली आठ-दहा सेकंदे पाहण्यात घालवावीत: कोपऱ्यातला कोणता गडी पुढे झुकतोय, साखळीतला कोणता हात सुटतोय. पहिला खरा हल्ला पंधराव्या सेकंदाच्या आसपास व्हावा, म्हणजे तो फसला तर आणखी एका प्रयत्नाला वेळ राहतो. नवखे खेळाडू बाविसाव्या-तेविसाव्या सेकंदापर्यंत चाचपडतात आणि शेवटी घाईघाईने गर्दीत शिरतात. सरावात बाहेरच्या माणसाने ‘दहा’, ‘वीस’, ‘पंचवीस’ अशी हाक द्यावी. काही आठवड्यांनी हाक बंद करून खेळाडूलाच वेळ ओळखायला लावावे. मनातल्या वेळेचा अंदाज आणि घड्याळ यांत सुरुवातीला सात-आठ सेकंदांचीही तफावत निघू शकते.

आणखी एक साधन पाठलागाचे. समोरचा चढाईपटू रिकाम्या हाताने परतत असतानाच त्याच्या मागे आपला गडी मध्यरेषा ओलांडतो. समोरच्यांची रचना लागलेली नसते, कोपरारक्षक अजून जागेवर जात असतो. पहिल्या दोन चढायांत हे फारसे लाभत नाही, कारण समोरचे सावध होतात. तिसरीसाठी राखून ठेवले तर उपयोगी पडते. मात्र कोण जाणार हे आधीच ठरले असेल तरच पाठलाग शक्य होतो. खुणांनी एकमेकांना विचारत बसणाऱ्या संघाला तो कधीच साधत नाही.

बचावाच्या बाजूने तिसरी चढाई ही भेट असते आणि ती उतावळेपणाने परत केली जाते. चढाईपटूला आत यावेच लागते. त्याला कोणालाही स्पर्श करू दिला नाही तरी तीस सेकंदांनंतर गुण मिळतो. म्हणून पहिला नियम असा की तिसऱ्या चढाईत कोपरारक्षकाने पहिल्या हुलकावणीला घोट्यावर झेप घेऊ नये. खोल उभे राहावे, पण किती खोल हे मापून ठेवावे. पुरुषांच्या मैदानात बोनस रेषेपासून अंतिम रेषा 1.75 मीटरवर असते, महिलांच्या मैदानात 2 मीटरवर. अंतिम रेषेपलीकडे पाय गेला की गडी स्वतःच बाद. मागे सरकण्याची ही जागा पाठ न वळवता पायाला कळायला हवी, आणि ती शेकडो वेळा मागे सरकूनच कळते. शेवटच्या आठ-दहा सेकंदांत चढाईपटू अंगावर येणारच. तोवर साखळीतल्या जोड्या तयार असाव्यात, म्हणजे एकाने अडवायचे आणि दुसऱ्याने कंबर किंवा पट धरायचा.

यासाठीचा सराव सोपा आहे. सात, सहा, पाच, चार अशा बदलत्या संख्येच्या बचावासमोर सलग दहा तिसऱ्या चढाया घ्याव्यात. समोर किती गडी उभे राहणार हे चढाईपटूला शिट्टीनंतरच कळावे. प्रत्येक चढाईनंतर प्रशिक्षकाने निकाल विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: काय करायला गेला होतास? योग्य निवड करून बाद झालेला आणि चुकीची निवड करूनही नशिबाने गुण घेऊन आलेला, या दोघांत पहिल्याचे कौतुक व्हावे. महाविद्यालयीन प्रशिक्षणात ही सवय क्वचित दिसते. टाळ्या गुणाला पडतात.

तीन गडी आणि लोण

तीन गडी उरतात तेव्हा ते तीन कोण असतात याकडे लक्ष द्यावे. कोपरारक्षक आणि कव्हर पकडीला जातात म्हणून तेच आधी बाद होतात. मागे राहतात दोन चढाईपटू आणि एखादा बचावपटू. म्हणजे अव्वल पकड करायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना पकड शिकवलेलीच नसते. प्रत्येक चढाईपटूला किमान एक पकड पक्की यायला हवी आणि ती घोट्याची असावी, कारण ती एकट्याने सुरू करता येते. बाकीच्या दोघांचे काम ठरलेले: जवळच्याने धडक देऊन मध्यरेषेकडचा रस्ता तोडायचा, लांबच्याने अंगावर पडून हात रेषेला पोहोचू द्यायचा नाही. तिघांनी एकाच पायाला धरण्यात अर्थ नाही, चढाईपटूचा लांबवलेला हात तेवढ्यात मध्यरेषा गाठतो.

अव्वल पकडीचे दोन गुण मिळाले तरी बाद झालेला एकच गडी परत येतो, जास्तीच्या गुणावर कोणी जिवंत होत नाही. बोनस गुणावरही नाही. हे माहीत नसल्याने एकटा उरलेला चढाईपटू बोनस घेऊन आनंदात परततो आणि संघ पुन्हा एकटाच उभा राहतो. गुणफलकाला त्याची मदत होते, लोण वाचवायला मात्र स्पर्शच हवा. एका गुणाने मागे असताना आणि अर्धा मिनिट उरले असताना बोनस योग्य. पंधरा मिनिटे उरली असताना गडी परत आणणे जास्त मोलाचे.

समोरचे तीन उरले असताना आघाडीवरच्या संघाची चूक वेगळीच असते. लोणाचे दोन जास्तीचे गुण डोळ्यांसमोर नाचू लागतात आणि प्रत्येक चढाई घाईची होते. या स्थितीतला सर्वांत वाईट प्रसंग म्हणजे तीन गड्यांवर तिसरी चढाई ओढवून घेणे: बोनस नाही, स्पर्शाची सक्ती आहे आणि सापडल्यास दोन गुण जातात. म्हणून तीन गड्यांवर पहिल्या किंवा दुसऱ्या चढाईतच स्पर्शाचा प्रयत्न करावा, जेव्हा जमले नाही तर परत येण्याची मुभा असते. आणि त्याहूनही स्वस्त मार्ग म्हणजे त्यांच्या चढाईची वाट पाहणे. तिघांपैकी एक जण सात गड्यांच्या अंगणात येतो, त्याला धरले की दोनच उरतात. लोण पकडीतूनही पूर्ण होतो, हे संघाच्या गळी उतरवायला वेळ लागतो.

शेवटची मिनिटे

मोठ्या सामन्यांचेही निकाल किती थोडक्यात लागतात याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला अंतिम सामन्यात 26-25 असे हरवले. याच दोन संघांचा साखळी सामना 34-34 असा बरोबरीत सुटला होता. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले तेव्हा हरियाणा स्टीलर्सवरचा फरक तीन गुणांचा होता, 28-25. एक लोण इकडचा तिकडे झाला असता तर दोन्ही सामन्यांबद्दल वेगळेच लिहावे लागले असते.

शेवटच्या मिनिटांचे गणित तोंडी करता आले पाहिजे. प्रत्येक चढाई पूर्ण तीस सेकंद चालली तर तीन मिनिटांत सहा चढाया बसतात, प्रत्येकी तीन. समजा संघ तीन गुणांनी पुढे आहे, तीन मिनिटे उरली आहेत, चढाई समोरच्यांची आहे आणि आपल्या खात्यात एकही रिकामी चढाई नाही. मग आपल्या पहिल्या दोन चढाया रिकाम्या घालवता येतात आणि तिसरी, म्हणजे निर्वाणीची, सामन्याच्या अखेरच्या अर्ध्या मिनिटात येते. तोवर समोरच्यांनी तीन चढायांत दोनच गुण घेतले असतील तर आपली ती चढाई फसल्यास बरोबरी होते. एकच घेतला असेल तर फसूनही सामना जिंकलेला असतो. पण तीन मिनिटे उरली असताना आपल्या खात्यात आधीच एक रिकामी चढाई असेल तर निर्वाणीची चढाई दुसऱ्याच वेळी येते, सामना संपायला दीड मिनिट असताना. तेव्हा वेळ काढण्याचा बेत सोडून त्या चढाईत गुण मिळवण्याचा बेत करावा लागतो. म्हणून शेवटचा टप्पा सुरू होण्यापूर्वी, साधारण पाच मिनिटे उरली असताना, एखादा गुण घेऊन रिकाम्या चढायांची मोजणी शून्यावर आणणे हे आघाडीवरच्या संघाचे पहिले उद्दिष्ट असावे.

मागे असलेल्या संघासाठी हेच गणित उलटे लागते. त्याने स्वतःच्या चढाया झटपट उरकाव्यात, दहा-बारा सेकंदांत, म्हणजे चढायांची संख्या वाढते. आणि बचावात समोरच्याच्या पहिल्या रिकाम्या चढाईवर जिवाच्या आकांताने तुटून पडू नये. दोन रिकाम्या होऊ द्याव्यात, तिसरीला तो आपण होऊन येतो.

हौशी सामन्यांत प्रत्येक डावात प्रत्येक संघाला तीस सेकंदांचे दोन टाइम आउट मिळतात आणि बदली खेळाडू त्या वेळी उतरवता येतो. पहिल्या डावातले टाइम आउट चिडचिडीत संपवले तरी एक वेळ चालेल. दुसऱ्या डावातला एक मात्र शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवावा आणि तो निर्वाणीच्या चढाईआधी ताज्या दमाचा चढाईपटू आणण्यासाठी खर्च करावा. त्या तीस सेकंदांत प्रशिक्षकाने भाषण करू नये. समोर किती गडी, कितवी चढाई, कोण जाणार, एवढेच सांगावे.

वेळ काढण्यालाही मर्यादा आहे. चढाईची पाळी आल्यावर पाच सेकंदांत गडी गेला नाही तर तांत्रिक गुण जातो. बुटांच्या नाड्या बांधण्याचे नाटक पंच ओळखतात.

बरोबरीनंतरच्या पाच-पाच चढायांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते विसरले जाते. पाच वेगवेगळ्या चढाईपटूंची नावे क्रमाने आधी द्यावी लागतात, त्यामुळे चौथा आणि पाचवा कोण हे हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवलेले बरे. या डावात कोणी बाद होऊन बाहेर जात नाही आणि निदान रेषाच बोनस रेषाही होते. पुरुषांत ती मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आहे, महिलांत 3 मीटरवर. इतक्या जवळचा बोनस रोखायचा तर बचावाला नेहमीपेक्षा मीटरभर पुढे येऊन उभे राहावे लागते, आणि कोपरारक्षकांना ती जागा परकी वाटते. महिन्यातून दोनदा तरी हा डाव खेळून पाहावा.

नियम कोणते लागू आहेत

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतच, महिलांच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी, पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत होते आणि जेमतेम मिनिटभर उरले होते. पवन सेहरावत निर्वाणीच्या चढाईला गेला, कोणालाही स्पर्श न होता लॉबीत उतरला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागे लॉबीत शिरले. एका नियमानुसार फक्त चढाईपटू बाद, दुसऱ्यानुसार मागे आलेले बचावपटूही बाद. कोणता नियम लागू यावर खेळ बराच वेळ खोळंबला, निर्णय फिरले, दोन्ही संघ मैदानात बसून राहिले. शेवटी भारताने सामना 33-29 असा जिंकला.

राष्ट्रीय संघांच्या पातळीवर असा गोंधळ होतो, तर गावच्या यात्रेतल्या खुल्या स्पर्धेत तो होणारच. माण, खटाव, आटपाडी भागात मंडळांच्या स्पर्धा प्रकाशझोतात, मातीवर आणि कधी वजनी गटांत होतात, आणि महाविद्यालयीन खेळाडू त्यांत हौसेने खेळतात. ही चांगली शाळा आहे, मात्र प्रत्येक ठिकाणी नियमांची आवृत्ती एकच असेल असे धरून चालू नये. सामन्याआधी संघ व्यवस्थापकाने पंचांना विचारून घ्यावे: तिसऱ्या चढाईचा नियम आहे का, अव्वल पकडीचा गुण आहे का, लॉबीत स्पर्शाविना गेल्यास कोण बाद, डाव किती मिनिटांचा, टाइम आउट किती, बरोबरी झाल्यास काय. उत्तरे सर्व खेळाडूंना सांगावीत, फक्त कर्णधाराला नव्हे. स्वतःपुरता एक नियम सर्वांनी पाळावा: स्पर्श झाल्याची खात्री नसेल तर लॉबीत पाय टाकायचा नाही, चढाईपटूनेही नाही आणि बचावपटूनेही नाही.

वही आणि आठवड्याचा सराव

सुधारणा झाली की नाही हे आठवणीवर सोडले तर शेवटचा सामनाच लक्षात राहतो. बाकावरच्या एका राखीव खेळाडूकडे वही द्यावी. प्रत्येक चढाईची एक ओळ: वेळ, आपले गडी, समोरचे गडी, कितवी रिकामी, चढाई कोणाची, निकाल. सामन्यानंतर तीन गोष्टी काढाव्यात. निर्वाणीच्या चढाया किती झाल्या आणि त्यांतल्या किती सफल झाल्या. तीन किंवा कमी गडी असताना पकडीचा प्रयत्न किती वेळा झाला आणि किती वेळा साधला. शेवटच्या पाच मिनिटांत गुणांचा फरक वाढला की घटला. महाविद्यालयीन संघ हंगामात थोडेच सामने खेळतो, त्यामुळे या आकड्यांवरून टक्केवारी काढून खेळाडूंना नावे ठेवू नयेत. सरावातल्या नोंदी त्यांत मिळवल्या की चित्र स्पष्ट होते. वही लिहिणारा राखीव खेळाडू पुढे चांगला कर्णधार होण्याची शक्यता असते, हा या पद्धतीचा न सांगितलेला फायदा.

दीड तासाच्या संध्याकाळच्या सरावातली तीस मिनिटे प्रसंगांना द्यावीत, आठवड्यातून तीनदा. एका दिवशी एकच प्रसंग घ्यावा. तिसरी चढाई सर्वांत जास्त वेळा, कारण ती सर्वांत जास्त वेळा येते. सात-सातचा सामनाही शून्यापासून सुरू करण्याऐवजी फलक लावून सुरू करावा: 24-22, चार मिनिटे, आपले पाच गडी, खात्यात एक रिकामी चढाई. दहा मिनिटांत असे दोन सामने होतात आणि बाहेर बसलेल्यांनाही काय करायला हवे होते यावर बोलता येते. ज्यांना गावाकडची शेवटची एसटी गाठायची असते त्यांच्यासाठी हा भाग सरावाच्या सुरुवातीला घ्यावा. शेवटी ठेवला की नेमके तेच खेळाडू गैरहजर राहतात.

माणच्या मैदानांची अडचण वेगळी आहे. पाऊस थोडा, जमीन कडक, आणि मैदानावर मारायला पाणी दर वेळी मिळेल असे नाही. अशा जमिनीवर रोज पूर्ण जोराने झेपा घ्यायला लावल्या तर कोपर-गुडघे सोलतात आणि हंगामाच्या तोंडावर मुख्य कोपरारक्षक बाहेर बसतो. प्रसंगांच्या सरावाचा मोठा भाग अर्ध्या वेगाने, पकडीच्या जागी फक्त हात लावून करता येतो. त्यात शिकायचे असते ते जागा, वेळ आणि निवड, आणि त्यासाठी आपटण्याची गरज नसते. खडे वेचून, माती कुदळून आणि शिंपडून मऊ केलेला एक कोपरा घोट्याच्या पकडीसाठी राखला तरी पुरे.

मोठी स्पर्धा मॅटवर असेल तर निदान शेवटच्या आठवड्यात मॅटची सोय असलेल्या जवळच्या केंद्रावर दोन-तीन सत्रे घ्यावीत. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचा पाय किंचित घसरून थांबतो, मॅटवर बुटाचा पाय जागीच रुततो. वळण्याचा वेग त्यामुळे बदलतो आणि पंधराव्या सेकंदाला करायचा हल्ला अर्धे पाऊल अलीकडे किंवा पलीकडे पडतो. त्या सत्रांत नवे काही शिकवू नये. ठरलेल्याच चढाईपटूंकडून ठरलेल्याच तिसऱ्या चढाया करून घ्याव्यात आणि बोनस रेषेपर्यंतची पावले नव्याने मोजून घ्यावीत.